जिप्सीच्या चेंबरमधून ऑइल गळतंय? पॅकिंग स्वतः बदलायची पद्धत

जिप्सीखाली काळा डाग दिसला की गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं: "चेंबरचं पॅकिंग गेलंय." चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाला बोल्टने लावलेलं, ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं. हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं. पण पुष्कळदा ऑइल वरून कुठून तरी येत असतं आणि चेंबरच्या कडेवरून खाली टपकतं, एवढाच चेंबरचा दोष. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधी बराच वेळ नुसतं बघण्यात जाणार आहे. पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांनी तो भाग गाळून पुढे जाऊ नये.

लेख मारुती जिप्सी किंगसाठी आहे. १.३ लिटरचं जी सिरीज इंजिन, कार्बोरेटरचं असो वा एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं. जिप्सी १९८५ साली आली, किंग १९९६ साली आणि २००० च्या सुमारास एमपीएफआय. आता उत्पादन थांबलेलं असल्याने रस्त्यावरची प्रत्येक जिप्सी जुनीच आहे, आणि चेंबरच्या कडेचं सीलंटही कडक होऊन आक्रसण्याच्या वयाला आलेलं आहे. त्यात या गाड्या ताडोब्याच्या सफारीत खडीवर धावतात, सह्याद्रीच्या घाटवाटांवर दगडांना खालून घासतात. चेंबरला पोचे येतात, बोल्ट सैल होतात.

शिकायला मात्र याहून चांगली गाडी मिळणं कठीण. पुढे सरळ सलग एक्सल, पाटे आणि भरपूर उंची, त्यामुळे खाली हात फिरवायला जागा मिळते. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या कित्येक फोर बाय फोरमध्ये डिफरन्शियल चेंबरला अगदी खेटून बसवलेलं असतं आणि चेंबर काढायला आधी ते उतरवावं लागतं. तशा गाडीवर पहिला हात चालवू नका. पुढे सलग एक्सल असलेली दुसरी गाडी असेल तर पद्धत बरीचशी हीच, पण बोल्टचे माप, टॉर्क आणि ऑइलचं प्रमाण त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

गळती नक्की कुठून आहे?

ऑइल नेहमी खाली येतं, आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून थेंब जिथे पडतो त्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही. थेंबापासून वर आणि पुढे शोधत जायचं. ओला भाग सगळ्यात वर जिथे सुरू होतो, गळती तिथे.

आधी इंजिन पूर्ण थंड असताना बाहेरून धुऊन घ्या. डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, पाण्याने हलक्या धारेने धुवा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि सेन्सरचे कनेक्टर आधी प्लास्टिकच्या पिशवीने झाकून घ्या. प्रेशर वॉशरचा सरळ फवारा इंजिनवर मारू नका. इंजिन वाळलं की चेंबरची कड, ब्लॉकचा खालचा भाग आणि बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लचभोवतीचं कवच) जोड यांवर टाल्कम पावडर उडवा. पांढऱ्या पावडरवर ताजं ऑइल लगेच काळपट रेघ काढतं. दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, मग जवळपास एक फेरी मारून या आणि टॉर्च घेऊन खाली बघा.

आता एकेक जागा तपासा. पहिली टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरचं झाकण. त्याचं रबर पॅकिंग कडक झालं की ऑइल ब्लॉकच्या बाजूने ओघळत चेंबरच्या कडेपर्यंत येतं आणि तिथून ठिबकतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब चेंबरच्या गळतीसारखंच दिसतं. दुसरी, ऑइल प्रेशर स्विच. तिसरी, पुढच्या बाजूचे कॅमशाफ्ट आणि क्रँकचे सील. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, आणि बेल्टवर ऑइल पडत असेल तर चेंबरचं काम बाजूला ठेवून आधी ते निस्तरा. ऑइलने भिजलेला बेल्ट दात सोडतो.

चौथी जागा नवख्यांना सगळ्यात जास्त फसवते. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला बसतो. त्याची ओ-रिंग गेली की ऑइल हेडच्या मागून थेट बेल हाउसिंगवर उतरतं आणि तिच्या खालच्या टोकातून टपकतं. गॅरेजमध्ये मग "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावी लागेल" असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात एक छोटी रबरी रिंग बदलून काम भागतं. म्हणून हेडच्या मागे बोट घालून बघा. तिथे ओलं असेल तर चेंबरला हातही लावू नका.

पाचवी, मागचं क्रँक सील. बेल हाउसिंगच्या आतून ऑइल येत असेल आणि हेडचा मागचा भाग कोरडा असेल तर संशय त्याच्यावर. ऑइलचा वासही घ्या. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) यांच्या ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तो येत नाही.

आणखी एक तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती वगळली तर नवं पॅकिंगही टिकणार नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी झडप, काढून हलवा. आत खुळखुळ वाजायला हवी. तो तुंबला की क्रँककेसमधली हवा बाहेर जात नाही, आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. पीसीव्ही आणि त्याची नळी साफ करून आठवडाभर गाडी चालवा. कधी कधी तेवढ्यानेच पाझर थांबतो.

आता चेंबरचे बोल्ट बघा. ते सैल असतील तर दहाच्या गोटीने हलकेच आवळून बघायला हरकत नाही. पण "अजून थोडं, अजून थोडं" करत जाऊ नका. हे इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, बोल्ट ६ मिमीचे, आणि ब्लॉकमधले आटे एकदा गेले की दहा रुपयांच्या कामाचं मोठं काम होतं.

काय काय जवळ हवं

दहाची गोटी, लांब आणि आखूड एक्स्टेन्शन, रॅचेट, ड्रेन बोल्टचा रिंग पाना, फिल्टर काढायचा पट्टा. पाच-सहा लिटर मावेल असं घमेलं. लांबी भरायची पातळ पोलादी पट्टी, प्लास्टिकचं स्क्रॅपर, नायलॉनचा ब्रश, ब्रेक क्लीनरचे दोन डबे आणि धागे न सोडणारी सुती फडकी. चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नाही, ते रोज हाताळणाऱ्यांनी तर मोजे सोडूच नयेत.

न्यूटन मीटरमध्ये कमी टॉर्क दाखवणारा लहान टॉर्क पाना लागेल. मोठा, चाकांच्या नटांसाठीचा इथे निरुपयोगी आहे, ६ मिमीचा बोल्ट तुटेल तरी तो 'टक' करणार नाही. लहान पाना विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणा, पण त्याच्याशिवाय शेवटचा टप्पा करू नका.

सीलंट म्हणून इंजिन ऑइलला टिकणारं आरटीव्ही सिलिकॉन (ट्यूबमधून लावायचं, हवेवर सुकून रबरासारखं होणारं) घ्या. एमपीएफआय गाडीसाठी ट्यूबवर ऑक्सिजन सेन्सरला चालतं असं लिहिलेलं बघा. बाथरूमच्या टाइल्सचं सिलिकॉन वापरायचं नाही. ते ऑइलमध्ये फुगून सुटतं आणि व्हिनेगरसारखा वास येणारं असेल तर सुकताना सोडलेल्या आम्लाने पत्राही गंजतो. सोबत नवा ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचं नवं वायसर, स्ट्रेनरची (चेंबरमधल्या ऑइल खेचणाऱ्या जाळीची) ओ-रिंग आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल. पुढच्या सर्व्हिसला थोडेच किलोमीटर उरले असतील तर दोन्ही कामं एकदमच करा, ऑइल एकदाच वाया जाईल.

गाडी उचलणं

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी लावा. माती किंवा पेव्हर ब्लॉक नको, घोडी (गाडी ज्यावर टेकवायची तो लोखंडी स्टँड) खचते. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर पहिला.

फोर बाय फोरमध्ये इथे एक जास्तीची काळजी आहे. जिप्सीच्या ट्रान्सफर केसला न्यूट्रल असतो. तो लिव्हर न्यूट्रलमध्ये राहिला तर गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटतो, पहिला गिअर टाकलेला असूनही गाडी सुखाने घरंगळू शकते. लिव्हर २एच मध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं जोडलेल्या स्थितीत, आहे याची खात्री करा, मग गाडीला मागे-पुढे धक्का देऊन बघा.

पुढची बाजू जॅकने उचलून चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांखाली, पुढच्या पाट्यांच्या मागच्या टेकूपाशी, घोड्या लावा. एक्सलखाली नाही. चेसिस घोड्यांवर बसली की एक्सल पाट्यांसकट खाली लोंबतो आणि चेंबर व एक्सल यांच्यात बाहेर ओढायची वाट होते. गाडीचं वजन १ टनाच्या आसपास आहे. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक वजनाखाली एका झटक्यात फुटतात, त्यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. घोड्या बसल्यावर जॅकही हलका टेकवून ठेवा आणि काढलेलं चाक किंवा स्टेपनी चेसिसखाली सरकवा. खाली शिरण्याआधी गाडीला खांद्याने जोराचा हिसका द्या. डगमगली तर परत खाली घेऊन नीट लावा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

चेंबर उतरवणं

इंजिन कोमट असताना ऑइल काढा, उकळतं नको. ड्रेन बोल्ट सोडल्यावर अर्धा तास तरी ठिबकू द्या, कारण जो थेंब आता निघत नाही तो नंतर ताज्या पुसलेल्या कडेवर येऊन पडतो. फिल्टरही आत्ताच काढा.

खाली स्किड प्लेट बसवलेली असेल तर ती उतरवा. मग क्लच हाउसिंगच्या तोंडाशी असलेली खालची पत्र्याची झाकणी काढा, चेंबरचे मागचे बोल्ट त्यामुळे मोकळे दिसतात. स्टीअरिंगचा दांडा आड येत असेल तर स्टीअरिंग एका बाजूला वळवून बघा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आड आलाच आणि उतरवावा लागला, तर फ्लँजच्या दोन्ही भागांवर रंगाची एक सलग रेघ मारून ठेवा, म्हणजे परत त्याच जागी बसेल आणि थरथर येणार नाही.

चेंबरचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत काढा. शेवटचे दोन, समोरासमोरचे, दोन-तीन आट्यांवर तसेच ठेवा. सीलंट अचानक सुटलं तर चेंबर तोंडावर येणार नाही.

बोल्ट निघाले तरी चेंबर निघणार नाही. कारखान्यातलं सीलंट चिवट असतं. बहुतेक नुकसान इथेच होतं: स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटलं जातं, आणि ॲल्युमिनियमच्या सपाट कडेवर एक खोल ओरखडा कायमचा राहतो. नंतर कितीही सीलंट लावलं तरी ऑइल त्याच ओरखड्यातून वाट काढतं. त्याऐवजी लांबीची पातळ पट्टी एका कोपऱ्यात आडवी धरून हातोडीने हलकेच आत ठोका. आत गेली की पट्टीच्या बाजूवर ठोकत ती कडेने सरकवत न्या. पट्टी पूर्ण सपाट ठेवा, पुढचं टोक वर ब्लॉकमध्ये घुसू देऊ नका. अधूनमधून लाकडी ठोकळा ठेवून चेंबरच्या कुशीवर बाजूने थाप द्या. सगळीकडून सीलंट कापलं गेलं की चेंबर 'चप' असा आवाज करत सुटतो.

तो खाली येताना स्ट्रेनरला, म्हणजे ऑइल खेचणाऱ्या जाळीच्या नळीला, अडकू शकतो. ओढाताण करू नका. चेंबर थोडा खाली घेऊन फटीतून हात घाला, स्ट्रेनरचे बोल्ट सोडा, स्ट्रेनर चेंबरमध्येच पडू द्या आणि दोन्ही एकदम मागे सरकवत बाहेर घ्या.

आतलं बघून घ्या

हे काम केल्याचा खरा फायदा म्हणजे इंजिनचं पोट उघडं मिळतं. चेंबरच्या तळाशी उरलेलं ऑइल उन्हात आडवं धरून बघा आणि त्यातून चुंबक फिरवा. चुंबकाला लागणारी करडी, मऊ पेस्ट जुन्या इंजिनात असतेच. तांबूस किंवा पितळी चमकीचे कण दिसले तर बेअरिंग झिजतायत, मग नुसतं पॅकिंग बदलून गाडी डोंगरात नेऊ नका. आधी मेकॅनिकला दाखवा.

स्ट्रेनरची जाळी उजेडासमोर धरा. जुन्या दुरुस्तीत सीलंट जाडजूड लावलेलं असेल तर त्याचे रबरी तुकडे जाळीत अडकलेले सापडतात. माझ्या एका मित्राच्या जिप्सीत निम्मी जाळी निळ्या सिलिकॉनने बुजली होती. घाट चढताना ऑइलचा दिवा लुकलुकायचा आणि तो बिचारा प्रेशर स्विच बदलत बसला होता. सीलंट जास्त लावलं की जे बाहेर पिळून येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं दिसतं, आतलं सुटून जाळीवर बसतं. ही गोष्ट पुढे ट्यूब हातात घेताना आठवा.

स्ट्रेनर ब्रेक क्लीनरने धुवा, ओ-रिंग नवी घाला.

चेंबरचा तळही तपासा. दगडाचा ठोका बसून तळ वर गेला असेल तर तो जाळीला टेकतो आणि पंपाला ऑइल कमी मिळतं. असा पोचा आतून लाकडी ठोकळा आणि हातोडीने बाहेर काढा. कुठे चीर असल्याचा संशय असेल तर जुनी पद्धत अजूनही अचूक आहे. चेंबर बाहेरून स्वच्छ करा, खडूची पूड पाण्यात कालवून लेप द्या आणि वाळू द्या. आत थोडं रॉकेल किंवा डिझेल ओता. केसाएवढी चीर असली तरी पांढऱ्या लेपावर ओला डाग उमटतो. चीर निघाली तर चेंबर बदलणं उत्तम. वेल्डिंगने पातळ पत्रा वाकतो आणि कड सपाट राहत नाही.

सफाई

चेंबर गळण्याचं कारण बहुतेक वेळा चुकीचं सीलंट नसतं, तेलकट कडेवर लावलेलं सीलंट असतं. दुपार गेली तरी चालेल.

ब्लॉकची कड प्लास्टिक स्क्रॅपरने आणि नायलॉनच्या ब्रशने साफ करा. चिवट भागासाठी सीलंट काढायचा स्प्रे मिळतो, तो मारून दहा मिनिटं थांबा. एमरी पेपर, वायर ब्रश, ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या इथे वर्ज्य. त्यांनी ॲल्युमिनियम खरवडलं जातं आणि अपघर्षकाचे बारीक कण वर क्रँकवर उडतात. ते कण फिल्टरच्या आधी पंपात जातात. घासताना वरून उघड्या क्रँकखाली स्वच्छ फडकं अडकवून ठेवा, आणि नंतर ते काढायला विसरू नका.

बोल्टची भोकंही साफ करा. बंद तळाच्या भोकात ऑइल साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते दबतं, टॉर्क पाना आधीच 'टक' करतो आणि बोल्ट मात्र पुरता बसलेला नसतो. ब्रेक क्लीनरची पातळ नळी भोकात घालून फवारा, मग हवा मारा. चष्मा लावूनच, कारण सगळं परत तुमच्याच डोळ्यांकडे येतं. एखाद्या भोकाचे आटे गेलेले दिसले तर ६ मिमीची हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, आत्ताच बसवून घ्या.

शेवटचा हात ब्रेक क्लीनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने. फडकं कडेवरून फिरवा, उलटून बघा. करडं दिसतंय तोवर नवं फडकं घ्या. मग दहा मिनिटं थांबून कडेवर परत बोट फिरवा. वरून ऑइलचा एखादा ओघळ अजून येत असतो. येत असेल तर चहा घ्या, परत पुसा.

आता चेंबरची कड. ती सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथी ठेवा आणि बोल्टच्या भोकांभोवती नीट बघा. पूर्वी कुणी बोल्ट गरजेपेक्षा आवळले असतील तर प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर खेचला जाऊन छोटी टेकडी तयार झालेली असते. अशा कडेवर बोल्टपाशी दाब येतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. गळती नेमकी तिथूनच होते. कड ऐरणीवर किंवा जाड लोखंडी पट्टीवर ठेवून टेकड्या लहान हातोडीने सपाट करा. हलके, पुष्कळ ठोके. पट्टी उभी ठेवून कडेखालून उजेड येतो का बघत जा.

सीलंट की कॉर्कचं पॅकिंग?

जिप्सीला कारखान्यातून या जागी पॅकिंग नसतं, सीलंटच असतं. बाजारात कॉर्कचं किंवा रबराचं पॅकिंग मिळतं आणि बरेच जण तेच घालतात. माझा कौल सीलंटला. कॉर्क बोल्टच्या दाबाने बसत जातं, थोड्या दिवसांनी पुन्हा आवळावं लागतं, आणि दुकानात वर्षानुवर्षं पडून वाळलेलं असेल तर घालतानाच तडकतं. पॅकिंगच वापरायचं असेल तर ते कोरडं घाला. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन थापलं की ते निसरडं होतं आणि बोल्ट आवळताना आत किंवा बाहेर सरकतं. फक्त खाली सांगितलेल्या चार जोडांवर थेंबभर सीलंट द्या.

ते चार जोड असे: पुढे ऑइल पंपाची बॉडी आणि ब्लॉक यांच्या सांध्याची दोन टोकं, मागे क्रँक सीलचं हाउसिंग आणि ब्लॉक यांच्या सांध्याची दोन टोकं. चेंबरची कड या तिन्ही भागांवर बसते, आणि तीन भाग जिथे भेटतात तिथे केसभर का होईना पायरी असते. सीलंट लावतानाही या चार ठिकाणी थोडं जास्त द्या.

चढवणं

सगळं आधी कोरडं करून बघा. चेंबर सीलंटशिवाय एकदा जागेवर नेऊन, सगळे बोल्ट हाताने लागतात याची खात्री करा. कोणत्या कोनातून आत न्यायचा, कुठे अडकतो हे आत्ताच कळू दे. सीलंट लावल्यावर वाट शोधत बसायला वेळ नसतो.

स्ट्रेनर आधी बसवून घट्ट करा. तो बसवल्यावर चेंबर आत जात नसेल तर उलटी युक्ती: स्ट्रेनर चेंबरमध्ये ठेवून दोन्ही आत न्या आणि फटीतून बोल्ट लावा. मात्र असं करताना सीलंटच्या रेघेला हात पुसला जाऊ नये म्हणून एक जण मदतीला असू द्या.

मदतनीस नसेल तर ६ मिमीचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, आणि ते समोरासमोरच्या भोकांत हाताने फिरवून लावा. चेंबर या दोन खुंट्यांवरून सरळ वर जातो, सीलंट फासटत नाही.

आता चेंबरच्या कडेवर ३ मिमी जाडीची एकच सलग रेघ ओढा. रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने जाते. भोकांच्या बाहेरून गेली तर ऑइल बोल्टच्या आट्यांवरून खाली येतं. ट्यूबचं टोक ३ मिमीलाच कापा, हात एका वेगाने चालवा, संस्कारभारतीच्या रांगोळीत रेघ तुटू देत नाही तशीच ही. जिथे रेघ संपते तिथे सुरुवातीवर अर्धा इंच चढवून संपवा.

आरटीव्ही हवेतल्या ओलाव्याने सुकतं. कोकणात पावसाळ्यात हे काम करत असाल तर साय फार लवकर धरते, विदर्भाच्या कोरड्या मे महिन्यात पुरतं पक्कं व्हायला वेळ लागतो. ट्यूबवर दिलेला वेळ बघा, आणि साय धरायच्या आत, साधारण दहा मिनिटांत, चेंबर जागेवर गेला पाहिजे.

चेंबर सरळ वर न्या, एकदा टेकला की परत खाली घेऊ नका. खाली घ्यावा लागलाच तर सगळं पुसून रेघ नव्याने. सगळे बोल्ट हाताने लावा, खुंट्या काढून त्या जागी बोल्ट लावा. मग मध्यापासून सुरू करून आडव्या-तिरप्या क्रमाने बाहेर जात आवळा, दोन फेऱ्यांत. पहिली फेरी ५ न्यूटन मीटरला, दुसरी ९ ते १२ च्या दरम्यान. मनगटाला हे फारच सैल वाटतं. आणखी पाव फेरा द्यायचा मोह होतो. देऊ नका, मघाशी हातोडीने सपाट केलेल्या टेकड्या त्याच पाव फेऱ्याने आलेल्या असतात.

बाहेर आलेलं सीलंट पुसायला जाऊ नका. सुकल्यावर कापून टाकता येतं. ड्रेन बोल्ट नव्या वायसरसह ३५ न्यूटन मीटरच्या आसपास आवळा. क्लच हाउसिंगची झाकणी, शाफ्ट काढला असेल तर रेघ जुळवून शाफ्ट, स्किड प्लेट मात्र अजून नको, गळती बघायची आहे.

आणि आता २४ तास थांबा. गाडी उद्या पहाटे निघायचीच असेल तर हे काम आज काढूच नका.

ऑइल भरून सुरू करणं

नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, हाताने घट्ट करा. नरसाळ्याने ऑइल भरा. फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आसपास लागतं, पण शेवटचा अर्धा लिटर डिपस्टिक बघत बघतच. डिपस्टिक बघण्यासाठी गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर हवी.

बॅटरी जोडा. कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची वायर काढून, एमपीएफआयमध्ये फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, पाच-सात सेकंद स्टार्टर फिरवा. थांबून परत फिरवा. डॅशवरचा ऑइलचा दिवा गेला की वायर किंवा फ्यूज परत लावा आणि मगच इंजिन सुरू करा. फिल्टर रिकामा, पंप कोरडा असताना इंजिन थेट पेटवलं तर पहिले काही क्षण बेअरिंग ऑइलविना फिरतात.

दिवा गेला नाही तर सुरू करू नका. बहुधा स्ट्रेनरची ओ-रिंग राहिलीय किंवा कातरली गेलीय आणि पंप हवा खेचतोय. हो, चेंबर परत उतरवावा लागेल. इंजिन बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

दहा मिनिटं चालू ठेवून कडेभोवती टॉर्च फिरवा, विशेषतः त्या चार जोडांपाशी. कडेवर पुन्हा पावडर उडवा. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर चाकांच्या जागेची खूण करा, म्हणजे सकाळी डाग दिसला तर तो कशाखालचा हे कळेल. शंभरेक किलोमीटर झाल्यावर परत खाली शिरून बघा, मग स्किड प्लेट लावा. सीलंट लावलेले बोल्ट नंतर पुन्हा आवळायचे नाहीत, जमलेला थर त्याने तुटतो. कॉर्क घातलं असेल तर मात्र याच वेळी सगळ्या बोल्टना एकदा टॉर्क पाना लावा.

वर्तमानपत्रावर डाग आला आणि चेंबरची कड कोरडी असली, तर बेल हाउसिंग आणि हेडची मागची बाजू परत बघा. पहिल्या तपासणीत दोन गळत्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असू शकतात.

घमेल्यातलं जुनं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा ब्रेक क्लीनर मिसळू देऊ नका, आणि अधिकृत रिसायकलरला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन द्या. फिल्टर भोक पाडून रात्रभर पालथा ठेवला तर त्यातूनही बरंच ऑइल निथळतं, तेही त्याच कॅनमध्ये.